जुनी मोटर यॉट, पाणी नक्की कुठून येतंय? सिलिकॉन लावून लावून थकलो

अर्धा_मालक

नमस्कार मंडळी. मी राहतो पुण्यात आणि बोट आहे गोव्यात, मांडवीत मुरिंगला, ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या. अर्धी माझी अर्धी भावजींची. ३६ फुटी, फायबरची, १९८२ साली तायवानमध्ये बांधलेली ट्रॉलर टाइप मोटर यॉट, दोन डिझेल इंजिनं, वर सागवानी डेक. आधीच्या मालकाने दुबईहून आणली होती, आम्ही त्याच्याकडून घेतली तेव्हा तो म्हणाला थोडं पाणी येतं, जुन्या बोटीत येतंच. आता कळतंय की त्या "थोडं"चा अर्थ काय होता.

तर प्रॉब्लेम असा. आम्ही दर दुसऱ्या शुक्रवारी चोर्ला घाट उतरून रात्री पोचतो, बिल्ज (बोटीच्या तळाची पाणी साठायची जागा) उघडतो तर पाच इंच पाणी, फ्लोट स्विचच्या (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) बरोबर खालोखाल उभं. म्हणजे मधल्या दिवसांत ऑटो पंप किती वेळा चालून गेला देव जाणे. रात्री पंप मारून स्पंजने पुसून कोरडं करून झोपलो तरी सकाळी तांब्याभर पाणी असतंच, आणि ते डाव्या बाजूला. आणि तिसरं म्हणजे पुढच्या केबिनमधली डावीकडची गादी कायम ओलसर, खिडकीखाली चहा सांडल्यासारखा डाग. पाऊस नसला की गादी वाळते, पाऊस आला की पुन्हा ओली.

एका माणसाला बोलावलं होतं, त्याने खिडकीला चारी बाजूंनी सिलिकॉन लावलं. थांबलं नाही. परत बोलावलं, परत लावलं. उलट आता जास्त येतंय असं माझं मत, भावजी म्हणतात तुझा भास आहे. यार्डवाल्याने बाहेर काढून सगळं बघू म्हणून जो आकडा सांगितला त्यात एक सेकंडहँड बोट येईल.

पाणी जिभेला लावून बघितलं तर धड खारट नाही धड गोडं नाही. सुरुवात कुठून करू?

नुसताच_वाचक

बोट विका. (सॉरी, पण कोणीतरी हे म्हणणारच होतं म्हणून मीच म्हणून टाकलं.)

निवृत्त_सेकंड

मी ३१ वर्षं जहाजावर इंजिनरूममध्ये काढली, आता रत्नागिरीत असतो. पहिली गोष्ट, तुम्ही "गळती" असं एकवचनात विचारताय तिथेच चुकताय. तुमच्याच वर्णनात तीन वेगवेगळी पाणी आहेत. बोटीवर कोणी नसताना येतं ते एक, तुम्ही झोपलेले असताना रात्रीत येतं ते दुसरं, आणि पावसात गादीवर येतं ते तिसरं. तिघं जाऊन एकाच बिल्जमध्ये मिसळतात म्हणून चवीला धड काहीच लागत नाही. आणि कृपा करून बिल्जचं पाणी चाखू नका, त्यात डिझेल असतं आणि बाकी काय काय असतं ते सांगत नाही.

घरी आरओचा फिल्टर असेल तर टीडीएस मीटर असेलच, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, तो छोटा पेनासारखा. तो घेऊन जा. एसीतून गळलेलं पाणी मोजलं तर आकडा दोन अंकी येईल, नळाचं किंवा टाकीचं शंभर दोनशे तीनशे जे काय असेल ते, आणि समुद्राचं ३५,००० च्या आसपास. घरगुती मीटर बहुतेक ९,९९० च्या वर जात नाही, मग एक कप पाण्यात नऊ कप आरओचं पाणी घालून मोजायचं आणि दहाने गुणायचं. आता तुमची अडचण अशी की तुम्ही समुद्रात नाही, मांडवीत आहात. पावसाळ्यात नदीला पूर असतो तेव्हा पणजीपाशी सुद्धा पाणी जवळजवळ गोडं होतं, आणि नंतर भरती ओहोटीप्रमाणे बदलत राहतं. त्यामुळे बाहेरचं पाणी बादलीने काढून त्याच वेळी मोजायचं आणि आतल्याशी ताडायचं. मागच्या आठवड्याचा आकडा धरून चालायचं नाही.

दुसरं, बिल्ज पूर्ण कोरडं करा. पूर्ण म्हणजे स्पंज, मग जुनं फडकं, मग टिश्यू. आणि मग बिल्जच्या फ्रेममध्ये जी भोकं असतात, ज्यातून पाणी मागे वाहत जातं, ती बंद करा. प्लॅस्टिसिन लावा, कणकेचा गोळा लावलात तरी चालेल (उंदीर नसतील तर). म्हणजे प्रत्येक कप्पा वेगळा झाला. आता कुठल्या कप्प्यात आधी पाणी येतं ते बघत बसायचं. काम झालं की भोकं आठवणीने मोकळी करा, नाहीतर पाणी पंपापर्यंत पोचणारच नाही आणि तुम्हाला वाटेल गळती बंद झाली.

तिसरं, पंपाला काउंटर लावा. ऑटो पंप ही चांगली गोष्ट आहे पण तो गळती लपवून ठेवतो. काउंटर नसेल तर रोग किती वाढलाय हे तुम्हाला ज्या दिवशी बॅटरी बसेल त्या दिवशी कळणार.

माझा पहिला संशय स्टर्न ग्लँडवर. शाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा) जिथून बाहेर जातो तिथे डोरीचं पॅकिंग असतं, शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन तीन थेंब पडले तर ठीक, ते पडायलाच हवेत, पाण्यानेच ते थंड राहतं. पण बोट उभी असताना जवळजवळ बंद पाहिजे. हिशोब करून बघा, साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटर, आठवड्याला ३०. थेंब बघून कोणी घाबरत नाही, पण दोन आठवड्यांचे ६० लिटर म्हणजे तुमचे पाच इंच आणि वर पंपाने काढलं ते.

वेंगुर्ल्याचो_झील

सिलिकॉनाचो डबो पयलो समुद्रात टाक मरे (टाकू नको, कचऱ्यात टाक). आमचे बापूस सांगायचे, पाणी दिसता एकीकडे नि येता दुसरीकडसून. बाकी प्रमाण मराठीत लिहितो नायतर पुणेकरांना कळायचं नाही.

आमचा ट्रॉलर आहे, लाकडी होता आता फायबरचा. लाकडीला दर वर्षी फटीत कापूस कोंबून राळ लावायचो, तेव्हा कुठली फट गळते ते पोरांनाही माहीत असायचं कारण फट डोळ्यांना दिसते. फायबरमध्ये कवच एकच, पण आत भिंती, अस्तर, कपाटं, त्यामागून पाणी कुठल्या कुठे जातं. गादी जिथे ओली तिथे भोक नसणार हे मी लिहून देतो.

यार्डचं म्हणशील तर आता विचारूच नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत सगळ्या होड्या वर आणि सगळे कारागीर त्यांच्यामागे. ऑगस्टपासून होड्या पाण्यात, आमची माणसं पण समुद्रात. काम करून घ्यायचं तर एप्रिलमध्ये सांगून ठेवायचं. तोपर्यंत अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला भरतीत वाळूवर चढव, ओहोटीत पाणी उतरलं की तळ बघून घे, पुढच्या भरतीला काढ. आम्ही छोट्या होड्यांचं असंच करतो, एक पैसा लागत नाही.

निवृत्त_सेकंड

झील, तुमच्या होडीचं ठीक आहे. यांची ४० वर्षं जुनी फायबरची बोट, दोन प्रोपेलर, दोन सुकाणू, कशावर टेकणार? गोव्याला उधाणाला पाण्यात फरक पडतो दोन मीटरच्या आसपास, या बोटीचं बूड चार फूट पाण्यात. जरा चुकीच्या जागी चढली आणि पुढची भरती कमी आली तर पंधरा दिवस वाळूवरच मुक्काम. आणि आडवी कलली तर सुकाणूचा दांडा वाकला म्हणून समजा. हा उपाय यांनी करू नये.

वेंगुर्ल्याचो_झील

काका बरोबर, दोन पंखे आहेत ते माझ्या लक्षात नाही राहिलं. किल (बुडाखालचा कणा) लांब असेल तर बसते ती, पण शिकाऊ माणसाने नको.

हँबलकाठी

मी इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळ हँबल नदीवर असतो, माझी पण अशीच सत्तर-ऐंशीच्या दशकातली तायवानी ट्रॉलर आहे, त्यामुळे तुझ्या गादीच्या दुःखात मी पूर्ण सहभागी. इकडे पाऊस चार महिन्यांचा नसतो, बाराही महिने चालू, त्यामुळे डेकच्या गळत्यांवर माझी पीएचडी झालीये.

या बोटींचा मुख्य घोळ सांगतो. वरचं सागवान दिसायला झकास पण ते खालच्या फायबरवर स्क्रूने बसवलंय, शेकड्याने नाही, हजारोंनी स्क्रू. प्रत्येक स्क्रूवर एक छोटं लाकडी बूच. सागवान घासून घासून पातळ झालं की बूच उडतं, स्क्रूच्या कडेने पाणी उतरतं. आणि फायबरचा डेक भरीव नाही, वर एक थर खाली एक थर आणि मधे प्लायवूड नाहीतर बाल्सा. ते मधलं लाकूड पाणी पितं, कुजतं, आणि पाणी मधल्यामधे पाच सहा फूट फिरून जिथे वायरचं किंवा दिव्याचं भोक मिळेल तिथून आत पडतं. तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर टकटक करत फिर. घट्ट असेल तिथे टणक आवाज येतो, कुजलंय तिथे बद्द. कलिंगड घेताना वाजवतो तसंच, फक्त इथे बद्द आवाज म्हणजे खर्च. (सागवान अजून जाड असेल तर आवाज फसवतो, मग आतून अस्तर काढून खालून वाजव.)

मग पाइपने पाणी मारायचं, पण शिस्तीत. प्रेशर नको, नुसती धार. सगळ्यात खालच्या जागेपासून सुरू कर आणि वर वर जा, एका वेळी एकच जागा, प्रत्येक ठिकाणी १०-१५ मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन. लोक काय करतात, आख्ख्या खिडकीवर बदाबदा पाणी ओततात, आत पाणी येतं, म्हणतात सापडलं. काय सापडलं? खिडकी, तिच्या वरचा जोड, त्याच्या वरचं रेलिंग सगळंच भिजवलंस की तू. खालून वर गेलं की ज्या जागेला पाणी आत येतं ती जागा पकडली जाते. दुसरी युक्ती म्हणजे सगळी दारं खिडक्या बंद करून एका हॅचमध्ये (डेकवरच्या झाकणाच्या दारात) पानं उडवायचा ब्लोअर लावून आत हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं, जिथे बुडबुडे तिथे भोक. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच.

सिलिकॉनबद्दल. एकदा लागलं की त्याचा अदृश्य थर राहतो आणि त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही, रंग पण नाही. ते सगळं ब्लेडने खरवडून काढावं लागेल, आणि ते काढताना तू त्या माणसाचं नाव घेशील. डेकवरच्या फिटिंगखाली ब्यूटाइल टेप वापर, कायम मऊ राहते, उद्या काढायची वेळ आली तर निघते. फक्त डिझेल पेट्रोलच्या टोपीजवळ नको, तिथे विरघळते. पॉलिसल्फाइड सागवानाच्या फटींना चांगलं, पण ॲक्रिलिकच्या काचेला लावलंस तर काच खातं. आणि ५२०० नावाचं जे पांढरं चिकटवायचं सीलंट येतं ना, ते रेलिंगला वगैरे अजिबात नको, काढताना जेलकोट (फायबरचा वरचा चकचकीत थर) सोबत घेऊन येतं.

खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला खालच्या बाजूला दोन बारीक भोकं असतात, पाणी बाहेर जायला. ती उघडी आहेत का बघ.

अर्धा_मालक

हँबलकाठी, शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. फोटो काढून बघतो. काका, टीडीएस मीटर आहे, या शुक्रवारी नेतो.

निवृत्त_सेकंड

जाताय तर सीकॉक पण बघून घ्या, पाण्याखालचे सगळे व्हॉल्व्ह. चाळीस वर्षांत कोणीतरी एखादा साधा पितळी नळ बसवलेला असतोच. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरलेलं तांबं गुलाबी, ठिसूळ दिसतं. फडक्याने पुसून बघा, गुलाबी छटा दिसली तर बोट पाण्यात असताना त्याला हातोडी मारू नका, ओढूनही बघू नका, नुसती नोंद करा आणि प्रत्येक सीकॉकला लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. पाण्याखाली दोन फुटांवर एक इंचाचं भोक पडलं तर मिनिटाला साधारण ६० लिटर आत येतं. तुमच्या पंपावर जो आकडा लिहिलाय त्याच्या निम्माच धरा, पाइप वळणावळणाचा आणि बॅटरी अर्धी असते.

अजून एक. काही गळत्या बोट चालतानाच होतात. इंजिनच्या समुद्राच्या पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब पडत असेल तर आतलं सील गेलं, तसंच चालवलं तर पाणी तेलात जाऊन तेल दुधाच्या चहासारखं होतं. एक्झॉस्टचा एल्बो पण आतून सडतो. तेव्हा इंजिन चालू असताना एकदा टॉर्च मारून बघा, कपडे सैल नको, शाफ्ट फिरत असतो.

अर्धा_मालक

दोन खेपा झाल्या, आता सविस्तर लिहितो. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

पहिल्या रात्री पोचल्या पोचल्या बिल्जचं पाणी मोजलं, २,४०० च्या आसपास. बाहेर नदीचं पातळ करून मोजलं तर कितीतरी जास्त. म्हणजे काकांचं मिसळीचं म्हणणं बरोबर. सगळं कोरडं केलं, कप्पे बंद केले (कणीकच वापरली, भावजींनी त्यातली थोडी पोळ्यांना मागितली), आणि प्रत्येक कप्प्यात वर्तमानपत्राचा कागद अंथरला. जनरेटर लावून एसी चालू करून झोपलो. सकाळी डावा मधला कप्पा ओला, बाकी जवळजवळ कोरडे, आणि उजव्या ग्लँडखाली थारोळं.

डाव्या कप्प्यातलं पाणी मोजलं, १८. अठरा! घरच्या आरओच्या पाण्यापेक्षा कमी. एसीचा पाण्याचा पाइप कुणीतरी सरळ बिल्जमध्ये सोडलेला. इतके महिने आम्ही रात्रभर थंड हवा घेतोय आणि सकाळी "गळती गळती" म्हणून बोंबलतोय, आणि गोव्याच्या दमट हवेत एसी तेवढं पाणी काढणारच. पाइप मोरीच्या छोट्या टाकीत वळवला, खर्च ९० रुपये.

उजवा ग्लँड. उभ्या बोटीत थेंब मोजले, मिनिटाला ५५ ते ६०. काका तुम्ही सेकंदाला एक म्हणालात तेव्हा मला वाटलं हिशोबासाठी सोपं म्हणून घेतलं असेल. नट आवळायला गेलो तर पुढे जागाच नाही, पॅकिंग संपलेलं. वेंगुर्ल्याच्या झीलने एक ओळखीचा माणूस पाठवला (आभार), त्याने पाण्यातच बदललं. आधी पोरगं खाली बुडी मारून शाफ्टभोवती बाहेरून ग्रीस लावलेलं फडकं घट्ट बांधून आलं, मग आतून नट काढला. पाणी आलं पण बारीक धारेने, मी पंपाच्या स्विचवर हात ठेवून देवाचं नाव घेत होतो. कॉर्कस्क्रूसारख्या आकड्याने जुनी डोरी काढली, कोळशासारखी कडक झालेली, आणि गंमत म्हणजे सगळ्यात आत एक अजून जुनी कडी राहिली होती, मागच्या कोणीतरी कंटाळून सोडलेली. नवीन चार कड्या, तिरप्या कापून, जोड एकावर एक येणार नाहीत असे फिरवून. नट हातानेच आवळला आणि वर थोडासा पाना. फडकं सोडल्यावर अर्धा तास चालवली, हात लावून बघितलं, कोमट. आता उभी असताना दहा मिनिटांत एक थेंब.

आता गादी. हँबलकाठी, बस खाली. खिडकीच्या फ्रेमची दोन्ही भोकं सिलिकॉनने ठासून बुजवलेली. फ्रेममध्ये शिरलेलं पाणी बाहेर जाऊच शकत नव्हतं, भरून आत सांडत होतं. म्हणजे जास्त येतंय हा माझा भास नव्हता, भावजींनी लेखी माफी मागितलीये. टाचणीने भोकं मोकळी केली आणि पाइप लावला, खिडकीवर १५ मिनिटं, आत काही नाही. पण मूळ गळती ती नव्हतीच. खालून वर जात जात, खिडकीच्या वर, डेकवर, पाच फूट पुढे रेलिंगचा जो खांब आहे त्याच्या बुडाशी धार धरली, आणि चौथ्या मिनिटाला भावजी आतून ओरडले. पाणी अस्तराच्या मागून सरकत येऊन खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून उतरत होतं. ब्लोअरचा प्रयोगही केला होता आधी, पण जुन्या हॅचचं रबरच गेलंय त्यामुळे सगळीकडूनच बुडबुडे, वाढदिवसासारखं झालं, उपयोग शून्य.

खांब काढला, खालचं लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून भोकाच्या आत कडेने जेवढं सुटलं तेवढं काढलं, हेअर ड्रायर आणि दोन दिवस टेबल फॅन लावून वाळवलं, खालून टेप लावून घट्ट एपॉक्सी भरलं, दुसऱ्या खेपेला नवीन भोकं पाडून ब्यूटाइलवर बसवला. अजून सात खांब तसेच आहेत, टकटक करून बघितले, दोन बद्द.

सीकॉक सहा. त्यातला टॉयलेटचा गुलाबी. खुंटी बांधून ठेवलीये आणि एप्रिलचं यार्ड आत्ताच सांगून ठेवलंय.

हँबलकाठी

सात खांबांत फक्त दोन बद्द म्हणजे नशीबवान आहेस. बाकी पाचही या हिवाळ्यात काढून ब्यूटाइलवर बसव, बद्द व्हायची वाट बघू नको. आणि हॅचचं रबर बदल रे, त्याला दोनशे तीनशे रुपयांच्या वर काय लागणार.

निवृत्त_सेकंड

ग्लँडचं काम चांगलं झालंय. पहिले पाच सहा तास चालवून झाले की परत बघा, नवी डोरी बसते, थेंब वाढतील, तेव्हा थोडा आवळावा लागेल. दर वेळी नटाची एखादी कडच फिरवायची, जास्त आवळलात तर शाफ्टवर खाच पडेल. डावा ग्लँड त्याच वयाचा आहे, त्याचं पण पॅकिंग आणून ठेवा. काउंटर लावलात का?

अर्धा_मालक

लावला. बारा दिवसांत पंप एकदा चालला, तोही बहुतेक त्या पावसाच्या रात्री.

पण आता बोट शांत झाल्यावर एक नवीनच आवाज ऐकू यायला लागलाय. रात्री सगळे नळ बंद असताना गोड्या पाण्याचा पंप मधेच दोन सेकंद कुर्र करतो आणि थांबतो. तासाभराने परत. बिल्ज तर कोरडं आहे.

निवृत्त_सेकंड

लाइनमधलं प्रेशर कुठेतरी उतरतंय. पंपाच्या लगेच पुढे व्हॉल्व्ह असेल तो झोपताना बंद करा. कुर्र थांबलं तर पुढे कुठेतरी पाणी जातंय, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आधी बघा, त्याचा पाइप बाहेर काढलेला असेल तर बिल्ज कोरडंच राहणार. व्हॉल्व्ह बंद असूनही चालला तर पंपाच्या आतला परतीचा झडप गेलाय, पाणी उलटं टाकीत जातंय.

अर्धा_मालक

बंद करून झोपलो. रात्री तीनला कुर्र. किट मागवलंय.